एकदाच वापरायच्या मास्कची गाळणशक्ती परत आणता येते काय?



या पानावर आम्ही नेहमी बेणे, लागण, खोडवा, हुमणी, पाण्याच्या पाळ्या असे विषय घेत आलो. या वेळचा विषय उसाचा नाही, ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या श्वासाचा आहे. हंगाम तोंडावर आला की कारखान्यात बगॅसची धूळ सुरू होते, शिवारात तणनाशकाचे पंप खांद्यावर चढतात, आणि थंडी पडली की सर्दी-खोकल्याची साथ घरोघर फिरते. तिन्ही वेळी माणूस खुंटीवर टांगलेला जुना मास्क शोधतो. कोरोनाच्या काळात घेतलेला, दोन-चारदा धुतलेला, कडक उन्हात वाळवलेला. मागच्या मेळाव्यात एका सभासदाने आम्हाला सरळच विचारले, "साहेब, ह्या मास्कात अजून जीव आहे का? नसेल तर पुन्हा भरता येतो का?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर आम्ही एकदा चुकीचे दिलेले आहे. म्हणून या वेळी नीट माहिती घेऊन देतो आहोत.

आमची चूक

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा एन-95 मास्क मिळणे कठीण झाले होते. त्याआधी, जानेवारी 2020 च्या अखेरीसच, सरकारने मास्कची निर्यात थांबवली होती, तरी दुकानात मास्क नव्हता आणि असलाच तर भाव तोंडाला येईल तो. पुढे ऑक्टोबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने एन-95 मास्कची किंमत 19 ते 49 रुपयांच्या दरम्यान बांधून दिली, तेव्हा कुठे सामान्य माणसाच्या हाताला तो लागला. पण शेतकरी माणसाचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. पोते फाटले तर आपण ते शिवतो, दोर तुटला तर गाठ मारतो. चाळीस रुपयांची वस्तू एक दिवस वापरून फेकायची, हे मनाला पटत नाही.

आमच्या ऊस विकास खात्यातही तेच झाले. चिटबॉय आणि गट कार्यालयातील मंडळींना दोन-दोन मास्क मिळाले होते. आम्हीच त्यांना सांगितले, "रोज संध्याकाळी साबणाच्या पाण्यात धुवा, स्पिरिट शिंपडा, वाळवा आणि वापरा." हेतू चांगला होता. मास्क स्वच्छ दिसत होता, साबणाचा वास येत होता. 15 ते 21 मार्च 2021 ला नागपूर शहरात पुन्हा टाळेबंदी लागली, एप्रिलमध्ये नागपूर-कामठी पट्ट्यात घरटी आजारी माणूस होता, तेव्हा आमचा एक चिटबॉय असाच धुतलेला मास्क लावून आजारी वडिलांची सेवा करीत होता. पुढे तोही आजारी पडला. तो बरा होऊन आला, वडील आले नाहीत.

मास्कमुळेच त्याला लागण झाली असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणायला पुरावा नाही. पण तो ज्या भरवशावर त्या खोलीत जात होता, तो भरवसा त्या मास्कात उरलेला नव्हता, आणि तो घालवण्याचा मार्ग आम्हीच सांगितला होता. हे पुन्हा होऊ नये म्हणून हा लेख.

मास्क म्हणजे चाळणी नव्हे

आपल्या सर्वांचा समज असा की मास्क म्हणजे बारीक चाळणी. भोक लहान, कण मोठा, म्हणून कण अडतो. कारखान्यात रस गाळतात तसेच. धूळ, भुसा, तूस अशा मोठ्या कणांपुरते हे खरेही आहे. पण ज्या बारीक कणांची खरी भीती असते ते मायक्रॉनच्या आतले असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कोरोनाचा विषाणू स्वतः साधारण 0.1 मायक्रॉनचा. तेवढी बारीक भोके ठेवली तर माणसाला श्वासच घेता येणार नाही.

मग एन-95 मास्क काम कसा करतो? जुना मास्क कात्रीने कापून बघा, हा प्रयोग घरी करता येतो. आत तीन किंवा अधिक पदर दिसतील. बाहेरचा आणि आतला पदर फक्त आकार धरतो. खरे काम करतो तो मधला, पांढरा, पातळ, कापसाच्या पापुद्र्यासारखा पदर. कामठीत हातमागाची परंपरा जुनी आहे, त्यामुळे उभा धागा, आडवा धागा आपल्याला कळतो. या पदरात मात्र ताणा नाही, बाणा नाही. हे विणलेले कापडच नव्हे.

ते बनते असे. पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लास्टिक, ज्याची विणलेली पोती आपण रोज हाताळतो, ते वितळवून अतिशय बारीक छिद्रांतून सोडतात आणि त्यावर गरम हवेचा जोरदार झोत मारतात. त्याचे तंतू उडून एकमेकांवर बसतात. जत्रेत साखर वितळवून 'बुढ्ढी के बाल' काढतात ना, अगदी तसेच. फरक एवढा की हे तंतू काही मायक्रॉन जाडीचे, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतात. तंतूंमध्ये मोकळी जागा मात्र भरपूर राहते, म्हणून हवा सहज जाते.

मोकळी जागा आहे तर बारीक कण का जात नाही? कारण त्या तंतूंवर विजेचा भार बसवलेला असतो.

कोराडीची राख आणि मास्कचा तंतू

हे समजायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या तालुक्यातच कोराडीचे औष्णिक वीज केंद्र आहे. दगडी कोळसा जळल्यावर धुरात बारीक राख उडते. ती सगळी चिमणीतून बाहेर पडू नये म्हणून धूर आधी एका मोठ्या यंत्रातून नेतात. त्यात तारांना फार उच्च दाबाची वीज दिलेली असते. तारांजवळून जाताना राखेच्या कणांवर विजेचा भार बसतो, आणि समोरच्या पत्र्यांकडे ते कण ओढले जाऊन चिकटतात. पत्र्यांवर ठोके देऊन राख खाली पाडतात. तिथे चाळणी नाही, जाळी नाही, केवळ विजेची ओढ आहे. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ती हीच ओढ.

मास्कमध्ये तेच तत्त्व आहे, पण तार नाही आणि पुरवठाही नाही. कारखान्यात मास्कचे कापड तयार होतानाच त्यावर उच्च दाबाच्या विजेने भार बसवतात, आणि तो भार तंतूत अडकून राहतो. भार असा धरून ठेवणाऱ्या पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. लोहचुंबक जसे चुंबकत्व धरून ठेवते, तसा इलेक्ट्रेट विजेचा भार धरून ठेवतो. 1920 च्या सुमारास जपानमधील मोतोतारो एगुची यांनी मेण व राळ वितळवून, विजेच्या दाबाखाली थंड करून असा पदार्थ प्रथम तयार केला. आपल्या भाषेत सांगायचे तर काकवी ढवळली तर ढवळते, पण साच्यात थिजून गूळ झाली की जो आकार घेतला तो घेतला. तसा भार त्या मेणात थिजला.

मास्कच्या कापडाला भार देण्याच्या तंत्रात मोठे काम केले ते मूळचे तैवानचे आणि अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात संशोधन करणारे पीटर त्साई यांनी. 1995 मध्ये त्यांच्या पद्धतीला अमेरिकेत पेटंट मिळाले. ते निवृत्त झाले होते, पण 2020 मध्ये साथ आली तेव्हा जुने मास्क पुन्हा कसे वापरावेत यावर ते पुन्हा कामाला लागले.

एन-95 या नावाचा अर्थही इथेच सांगून टाकतो. 95 म्हणजे साधारण 0.3 मायक्रॉनच्या, पकडायला सर्वांत अवघड अशा कणांपैकी किमान 95 टक्के अडवणारा. 'एन' म्हणजे तेलाच्या तुषारांपुढे न टिकणारा. हे शेवटचे अक्षर लक्षात ठेवा, फवारणीच्या वेळी ते कामाला येणार आहे.

भार जातो कसा?

भार तंतूत थिजलेला असला तरी अमर नाही. श्वासाचा दमटपणा, घाम, तंतूंवर बसत जाणारी धूळ यांनी तो हळूहळू निष्प्रभ होतो. पण एका झटक्यात घालवायचा असेल तर दोनच वस्तू पुरे, स्पिरिट आणि साबण. आणि आपण नेमक्या त्याच वापरल्या.

पॉलिप्रॉपिलीन पाण्याने सहज ओले होत नाही. थेंब वरच बसतो, अळूच्या पानावर बसतो तसा. पण पाण्यात साबण मिसळला की तेच पाणी तंतू-तंतूत शिरते, आणि स्पिरिट तर आपोआपच शिरते. ते आत शिरले की तंतूवरचा भार नाहीसा होतो. मास्क वाळल्यावर दिसायला पूर्वीसारखाच, उलट अधिक स्वच्छ. डोळ्याला काही कळत नाही, हीच यातली गोम आहे.

2020 मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातले यी कुई, नोबेल पारितोषिक विजेते स्टीव्हन चू आणि त्यांचे सहकारी यांनी याच मधल्या पदराची तपासणी केली. नवा पदर 100 पैकी सुमारे 96 कण अडवीत होता. स्पिरिटात बुडवून वाळवल्यावर तो सुमारे 56 कण अडवू लागला. क्लोरीनच्या पाण्याने तो 73 च्या आसपास आला. वाफेने पहिल्या काही वेळा तग धरला, पण वाफ देत गेले तसतसा तोही खाली आला. टिकला तो कोरड्या उष्णतेने. 75 अंश सेल्सिअसला अर्धा-अर्धा तास, असे वीस वेळा केले तरी पदर 95 च्या वर राहिला.

आता हा हिशेब सभासदांनी नीट करावा. 96 वरून 56, म्हणजे चाळीस कमी झाले, असे वाटते. पण आपल्या छातीत जातात ते न अडलेले कण. आधी 100 पैकी 4 आत जात होते, आता 44 जातात. म्हणजे अकरा पट. आमच्या चिटबॉयला आम्ही जो मास्क 'स्वच्छ' करून वापरायला सांगितला, त्याची अवस्था अशी काहीशी झाली असणार.

मग परत भरता येतो काय?

सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच मिळाले आहे. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. डॉ. होमी भाभा यांनी 1945 मध्ये ती स्थापन केली. तेथील एम्रोज हुसेन, अर्णब भट्टाचार्य, शंकर घोष वगैरे संशोधकांनी इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेच्या डोव्ह लेव्हिन यांच्यासह 2020 मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेतला. निर्जंतुक करताना मास्कचा भार जातो, तर तो पुन्हा भरता येईल का?

त्यांनी आधी प्रयोगशाळेत एक साधी मांडणी उभी केली, जिच्यावर मास्कमध्ये भार किती आहे आणि तो कण किती अडवतो, या दोन्ही गोष्टी मोजता येतील. मोजल्याशिवाय बोलायचे नाही, हे त्यांचे पहिले पाऊल आम्हाला विशेष वाटले. माती परीक्षणाशिवाय खताचा डोस सांगू नये, तसेच हे. मग निर्जंतुकीकरणाने भार गेलेल्या मास्कचे कापड धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये धरून त्यांना उच्च दाबाची वीज दिली. मोजणी पुन्हा केली तेव्हा कापडावर भार परत आलेला होता, आणि गेलेली गाळणशक्तीही परत आलेली होती. त्यांचा निबंध सप्टेंबर 2020 मध्ये भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

म्हणजे उत्तर असे, की होय, गाळणशक्ती परत आणता येते. खोडव्याला खत-पाणी दिले तर ते फुटते, तसेच. मात्र खोडवा फुटायला खालचे बुड जिवंत लागते. मास्कचेही तेच. तंतू शाबूत असतील तर भार भरता येतो. तंतू धुळीने बुजले, कापड चोळून चोळून विरले, नाकावरची पट्टी मोडली, रबर सैल झाले, तर वीज काय करणार? मास्क गालाला चिकटून बसला नाही तर हवा गाळणीतून जाण्याऐवजी फटीतून जाते. कालव्याचे गेट कितीही चांगले असो, बाजूचा धुरा फुटला तर पाणी तिकडूनच जाणार.

शिवाय आधी निर्जंतुकीकरण, मग भारण, मग मोजणी, असे तिन्ही टप्पे झाले तरच त्या मास्कवर विश्वास ठेवता येतो. घरी आपण पहिला टप्पा अर्धवट करतो, दुसरा करू शकत नाही आणि तिसऱ्याचे साधन आपल्याकडे नाही. जुना मास्क कागदाचा कपटा ओढतो म्हणून तो चांगला, असेही समजू नये. कपटा ओढला म्हणजे थोडाफार भार आहे एवढेच कळते. 100 पैकी किती कण अडतात ते त्यातून कळत नाही.

झटका मशीनला हात लावू नका

हे स्वतंत्र लिहिण्याचे कारण आहे. हा विषय आम्ही एका गावात चावडीवर सांगत होतो, तेव्हा एक तरुण सभासद म्हणाला, "मग आपल्याकडं रानडुकरासाठी झटका मशीन हायच की. दोन पत्रे घ्यायचे, मध्ये मास्क ठेवायचा, लावायचे वायर!" मंडळी हसली. आम्ही हसलो नाही, कारण असे करून पाहणारा कोणी ना कोणी निघतोच.

बंधूंनो, कुंपणाचे यंत्र थांबून थांबून क्षणभराचे झटके देते. मास्क भारायला लागणारी वीज वेगळ्या प्रकारची, स्थिर आणि मोजून दिलेली असते. झटका मशीनने मास्क भरणार नाही. आणि कोणी घरच्या लाइनची वायर पत्र्याला जोडली, तर मास्क राहील बाजूला आणि माणूस जाईल. कुंपणात थेट वीज सोडून माणसे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. मास्कच्या पायी त्यात भर नको.

आता करायचे काय?

2020 सारखी टंचाई आज नाही. टंचाईच्या वेळी अमेरिकेने मास्क निर्जंतुक करणाऱ्या यंत्रांना तातडीची परवानगी दिली होती, पण मास्क पुरेसे मिळू लागल्यावर जून 2021 मध्ये ती काढून घेतली. जे मोठमोठ्या रुग्णालयांनी सोडून दिले, ते आपण चुलीजवळ करीत बसू नये. आमचा सल्ला कामाप्रमाणे वेगवेगळा आहे.

*आजारी माणसाची सेवा करताना.* नवा मास्क घ्यावा. पाकिटावर आय.एस. 9473 हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि एफ.एफ.पी.-2 असा दर्जा पाहावा. झडपेचा मास्क घेऊ नये. झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, आणि केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने जुलै 2020 मध्येच त्याबद्दल राज्यांना सावध केले होते. मास्क कमी असतील तर पाच मास्क घेऊन त्यांवर वार लिहावा, रोज एक वापरावा आणि वापरलेला मास्क कागदी पिशवीत पाच दिवस तसाच ठेवावा. टंचाईच्या काळात अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी सांगितलेली पद्धत हीच. धुणे नाही, स्पिरिट नाही, इस्त्री नाही. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, दमटपणा आतच राहतो. एक मास्क पाचांहून जास्त वेळा चढवू नये, आणि एकाचा मास्क दुसऱ्याने लावू नये.

*बगॅस, पाचट आणि राखेच्या धुळीत.* आपल्या सभासदांची मुले हंगामात यार्डावर काम करतात, त्यांनी हे विशेष वाचावे. साठवलेल्या, बुरशी धरलेल्या बगॅसची धूळ छातीत जात राहिली तर बॅगासोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होतो. धुळीत काम केल्यावर काही तासांनी ताप, खोकला, धाप अशी सुरुवात होते, आणि माणूस साधा ताप समजून गोळी घेतो व दुसऱ्या दिवशी पुन्हा यार्डावर जातो. इथे तोंडाला बांधलेला दुपट्टा पुरत नाही, एन-95 लागतो. धुळीच्या कामाला तोच माणूस तोच मास्क पुन्हा लावू शकतो. पण फार धुळीत एकूण आठ तासांचे काम झाले, श्वास जड जाऊ लागला, मास्क भिजला किंवा रबर सैल झाले, की तो बाद. झटकून, फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपने साफ करू नये. त्याने तंतू फाटतात आणि अडलेली धूळ आपल्याच तोंडावर येते.

*फवारणी करताना.* हे सर्वांत महत्त्वाचे. एन-95 मास्क कण अडवतो, वायू आणि वाफ अडवीत नाही. तंतूवरचा भार कणाला ओढतो, हवेत विरलेल्या औषधाला ओढत नाही. नाकाला औषधाचा वास येतो आहे म्हणजे औषध आत येते आहे. शिवाय डब्यावर 'ई.सी.' लिहिलेली औषधे तेलकट द्रावकात विरघळवलेली असतात. 'एन' म्हणजे तेलापुढे न टिकणारा, हे वर सांगितलेच आहे. स्पिरिटाने जे होते तसेच या तुषारांनी होऊ शकते, म्हणजे फवारता फवारताच मास्कचा भार उतरतो. 2017 च्या पावसाळ्यात आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. ते कापसाचे वावर होते आणि आपले उसाचे आहे, पण उंच वाढलेल्या पिकात, हवा कोंडलेली असताना, डोक्याच्या वर फवारा मारणे दोन्हीकडे सारखेच घातक. फवारणीसाठी कोळशाची, म्हणजे सक्रिय कार्बनची डबी बसवलेला रबरी मास्क वापरावा. सोबत हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, वाऱ्याकडे पाठ. आणि फवारणीत वापरलेला एन-95 पुन्हा तोंडाला लावू नये, मग तो कितीही नवा दिसो.

*दाढी आणि फट.* मास्क लावल्यावर दोन्ही हातांनी झाकून जोराने श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालाकडे हवा लागली तर पट्टी दाबून पुन्हा बसवावा. दाढी वाढलेली असेल तर फट राहतेच.

टाकताना

बाद झालेला मास्क धुऱ्यावर, कालव्यात किंवा गोठ्याजवळ फेकू नये. हे प्लास्टिक आहे, पाचटासारखे कुजून खत होणार नाही, आणि जनावर खाईल ते वेगळेच. बगॅसच्या ढिगात तर मुळीच नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये सांगितलेली रीत सोपी आहे. वापरलेला मास्क कागदी पिशवीत 72 तास ठेवावा, मग दोऱ्या व कापड कापून सुक्या कचऱ्यात टाकावा. कापण्याचा फायदा असा की तो कोणी उचलून, धुऊन पुन्हा विकू शकत नाही.

शेवटी

वस्तू पुरवून वापरणे हा आपला गुण आहे, दोष नाही. त्याच गुणावर आपला कारखाना उभा आहे. मुंबईच्या शास्त्रज्ञांनीही तोच प्रश्न विचारला, फेकून का द्यायचे, पुन्हा भरता येईल का? फरक एवढाच की त्यांनी मोजून पाहिले आणि आम्ही न मोजता सांगितले. आज चाळीस-पन्नास रुपयांच्या मास्कसाठी छाती पणाला लावण्याची वेळ कोणावर नाही.

आमच्या खात्यातील सर्व चिटबॉय व यार्डावरील हंगामी कामगारांना जुने मास्क बदलून घेण्यास आम्ही सांगितले आहे. ज्या सभासदांच्या घरी 2020-21 चे धुतलेले मास्क अजून खुंटीवर आहेत, त्यांनी ते आजच काढून टाकावेत. आणि ज्या घरात आमच्या जुन्या सल्ल्याप्रमाणे मास्क धुतले गेले, त्या घरांची आम्ही या पानावरून क्षमा मागतो.

काही शंका असल्यास गट कार्यालयात विचारावे. येताना एक जुना मास्क आणावा, कापून आतला पदर दाखवू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी
गट कार्यालय, कामठी